सोपाऱ्याची शिळा आणि सोपाऱ्याची मुले

नालासोपारा स्थानकाच्या पश्चिमेस, सोपारा गावच्या हद्दीत, ‘बुरुड राजाचा कोट’ या नावाने गावकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेले एक उंचवट्याचे ठिकाण होते. एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथे उत्खनन केले, तेव्हा तो कोणा राजाचा कोट नसून विटांनी बांधलेला प्राचीन बौद्ध स्तूप असल्याचे उघड झाले. स्तूपाच्या गर्भात एक मोठी दगडी पेटी निघाली. तीत मैत्रेयासह आठ बुद्धांच्या धातूच्या मूर्ती होत्या. तांबे, चांदी, दगड, स्फटिक आणि सोने यांचे एकात एक बसवलेले करंडक होते. सोन्याची फुले होती आणि बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून श्रद्धेने जपलेले काही तुकडे होते. त्याच वर्षी सोपाऱ्याच्या भातेला तलावाजवळ सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुटका खंड हाती आला. पुढे १९५६ मध्ये जवळच्याच भुईगावात नवव्या लेखाचा खंड मिळाला. पेटीतला ऐवज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेला. शिलालेखांचे खंड त्या वेळच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात गेले.

सोपाऱ्याची शिळा मुंबईला पोहोचली. प्रश्न असा आहे की, सोपाऱ्याची मुले तेथे केव्हा पोहोचणार?

विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे ६० किलोमीटरचे. या मार्गावरून मुंबईला जाणारी पहिली उपनगरी गाडी १८६७ मध्ये सुटली. तेव्हापासून आजतागायत या पट्ट्यातली माणसे मुंबईला आपले श्रम पोहोचवीत आली आहेत. पहाटेची भाजी गेली, केळी गेली, फुले गेली, मासळी गेली. मग कारकून गेले, कामगार गेले, परिचारिका गेल्या, पहारेकरी गेले. ज्या वास्तुसंग्रहालयाची ही गोष्ट आहे त्याचे बांधकामदेखील कुर्ल्याच्या काळ्या आणि मालाडच्या पिवळसर दगडात झालेले आहे. उपनगरांनी शहराला दगडही दिला आणि हातही दिले. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार महानगरपालिकेची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती. एवढ्या मोठ्या वस्तीतल्या कोणत्याही साध्या शाळेच्या सातवीच्या वर्गात जावे आणि वास्तुसंग्रहालय पाहिलेल्यांनी हात वर करावेत असे सांगावे. किती हात वर होतील याचा अंदाज ज्याचा त्याने बांधावा. ज्यांचे वडील त्याच संग्रहालयापासून हाकेच्या अंतरावरच्या कचेरीत रोज कामाला जातात, अशा मुलांचे हातही खालीच राहतील.

यात आई-बापांना दोष देणे सोपे आहे. ‘आपल्या लोकांना कलेची आवडच नाही’ हे वाक्य सुखवस्तू घरांतून नेहमी ऐकू येते. परंतु आवड ही काही आकाशातून पडत नाही, आणि आवड असली तरी तिला आठवड्याचे गणित सोडवावे लागते. सहा दिवस विरारच्या लोकलमध्ये एका पायावर उभा राहून आलेल्या माणसाला सातव्या दिवशी ‘चला, मुलांना घेऊन चर्चगेटला जाऊ’ असे सांगणे ही क्रूर थट्टा वाटावी अशी स्थिती आहे. आईचा रविवार पाणी भरणे, कपडे, दळण आणि आठवड्याची भाजी यांत संपतो. त्यातून एखाद्या रविवारी बेत ठरलाच, तर त्या दिवशी रेल्वेचा ब्लॉक असतो. चौघांचे गाडीभाडे, संग्रहालयाचे तिकीट, बाहेरचे खाणे, परतीला थकलेल्या लहानग्यासाठी रिक्षा. आणि रोजंदारीवरच्या घरात बुडालेली मजुरी. अर्थशास्त्रात ज्याला संधी-व्यय म्हणतात तो हाच. संग्रहालयाच्या खिडकीवर लिहिलेली किंमत हा खऱ्या किमतीचा एक लहानसा अंश असतो. बाकीची किंमत अंतर वसूल करते, आणि शहराच्या कडेला राहणारा माणूस ती प्रत्येक चांगल्या गोष्टीसाठी भरत असतो.

याखेरीज एक किंमत अशी आहे की जी कोणत्याही खिडकीवर लिहिलेली नसते. भव्य घुमट, आखीव बाग, गणवेशातला पहारेकरी, हळू आवाजात इंग्रजी बोलणारी माणसे, हे सारे पाहून साध्या घरातली बाई दाराशीच थबकते आणि विचारते, ‘इथे आपल्याला सोडतात का?’ या एका प्रश्नात सगळे आले. कायद्याने दार उघडे असते. पण उंबरठा मनात असतो. पिएर बूर्द्यू आणि आलँ दार्बेल या फ्रेंच अभ्यासकांनी युरोपातील कलासंग्रहालयांच्या प्रेक्षकवर्गाची पाहणी करून १९६६ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, संग्रहालयात कोण येतो हे तिकिटापेक्षा शिक्षणावर आणि घरातून लाभलेल्या संस्कारावर अधिक ठरते. ज्याला लहानपणी कोणी चित्रासमोर उभे केले नाही, त्याला मोठेपणी फुकट प्रवेश दिला तरी तो आत येत नाही. आणि न येण्याचे कारण स्वतःतच शोधतो, ‘आपल्याला त्यातले काय कळते?’ असे म्हणतो. विषमता स्वतःला लायकीचा वेश चढवून उभी राहते ती अशी. म्हणूनच या प्रश्नाचे उत्तर केवळ तिकीटमाफीत नाही. ते बालपणात आहे, आणि म्हणून शाळेत आहे.

महाराष्ट्राला उंबरठ्याचा प्रश्न नवा नाही. १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले व्हावे यासाठी उपोषण केले. तेथे अडसर उघड होता, अडवणारे हात दिसत होते. संग्रहालयाच्या दाराशी अडवणारा कोणी दिसत नाही, एवढाच फरक. उलट संग्रहालयाइतकी समतेची दुसरी जागा क्वचितच सापडेल. तेथे विष्णूची मूर्ती, बुद्धाचे मस्तक, तीर्थंकराची प्रतिमा आणि मुघल दरबारचे चित्र एकाच छताखाली असतात. त्यांच्यासमोर कोणीही उभा राहू शकतो. सोवळेओवळे नाही, दक्षिणा नाही, मधला कोणी नाही. वाडवळ, आगरी, कोळी, वारली, ख्रिस्ती, मुसलमान, उत्तरेतून आलेले, कोकणातून आलेले अशा सगळ्यांची मुले ज्या वसई-विरारच्या वर्गांत शेजारी बसतात, त्या वर्गांना ही जागा मुद्दाम दाखवली पाहिजे.

येथे सोपाऱ्याच्या शिळेकडे पुन्हा वळणे अगत्याचे आहे. कारण तिचा विषयच मुळी सहल हा आहे. अशोकाचा आठवा लेख यात्रेविषयी आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत, शिकार आणि तशाच करमणुकीत रमत, असे तो सांगतो. राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर अशोक स्वतः संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला आणि तेव्हापासून विहारयात्रेची जागा धर्मयात्रेने घेतली. या यात्रेत काय करायचे याची यादीही लेखात आहे: ब्राह्मण आणि श्रमण यांना भेटावे, त्यांना दान द्यावे, वृद्धांना भेटावे, त्यांना मदत करावी, जनपदातल्या लोकांची भेट घ्यावी, त्यांच्याशी धर्माविषयी बोलावे आणि त्यांचे प्रश्न ऐकावेत. राजाच्या प्रवासाचा हेतू बदलला, ही बातमी त्याने राज्याच्या कडेकोपऱ्यांत दगडावर कोरून पाठवली. ती सोपाऱ्याच्या बंदरातही आली. कारण तेव्हा सोपारे हे कडेचे गाव नव्हते. ग्रीक व्यापाऱ्यांच्या ‘पेरिप्लस’ या प्रवासग्रंथात सुप्पारा या नावाने त्याचा उल्लेख आहे, महाभारतात ते शूर्पारक म्हणून येते.

आता आजच्या शालेय सहलींकडे पाहावे. वसई-विरारच्या परिसरात रिसॉर्ट आणि जलक्रीडेची उद्याने पुष्कळ झाली आहेत. हिवाळ्यात शाळांच्या बसगाड्या तिकडे रांगा लावतात. ठरावीक शुल्कात न्याहारी, जेवण, पाण्यातल्या घसरगुंड्या आणि संध्याकाळी परत. मुलांनी पाण्यात खेळू नये असे कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाही. खेळ हा त्यांचा हक्कच आहे. पण दहा वर्षांच्या शालेय जीवनात दहाही सहली विहारयात्राच असाव्यात, आणि त्याही पैसे भरू शकणाऱ्यांच्याच असाव्यात, यात काही चुकते आहे. शुल्क न भरू शकणारे मूल त्या दिवशी घरी राहते आणि दुसऱ्या दिवशी वर्गात इतरांच्या गमती ऐकत बसते. अशा सहलीतून पहिला धडा मिळतो तो विषमतेचा. सव्वादोन हजार वर्षांच्या आसपास वय असलेला एक दगड आपल्याच गावच्या मातीतून निघाला आणि त्याने नेमका हाच प्रश्न विचारला होता की, माणसाने हिंडायला जायचे ते कशासाठी, हे आपल्या मुलांना कधी सांगितले जाते काय?

संग्रहालयाला मुले न्यायची तर कशी न्यायची, याचाही विचार हवा. कारण वाईट रीतीने नेलेली सहल न नेण्यापेक्षा अधिक नुकसान करते. दोनशे मुले एका रांगेत, बोट ओठांवर, ‘हात लावू नका, पुढे चला’ असा गजर, आणि दीड तासात तीन मजले! अशा फेरीतून मुले पाय दुखल्याची आठवण घेऊन परततात. त्यांना ठाम वाटते की संग्रहालय म्हणजे ओरडा खाण्याची थंड जागा. वस्तुतः एका भेटीत चार-पाच वस्तू पुरेत. एका मूर्तीसमोर मुलांना जमिनीवर बसू द्यावे. तिचे हात मोजू द्यावेत, कोणत्या हातात काय आहे ते त्यांनीच सांगावे, मग वहीत तिचे वेडेवाकडे चित्र काढावे. चित्र काढताना मूल जितके निरखून पाहते तितके दहा मिनिटांच्या व्याख्यानातून पाहत नाही. अकबराचे चिलखत आणि ढाल पाहताना ‘हे घालून माणूस घोड्यावर कसा चढत असेल?’ असा प्रश्न एखादा मुलगा विचारील. उत्तर शिक्षकाला येत नसले तरी चालेल. प्रश्न विचारला गेला हेच फलित आहे. असिरियाच्या राजवाड्यातील शिल्पपट, सिंधमधील मीरपूरखासच्या स्तूपातील मातीच्या बुद्धमूर्ती, निसर्गविभागातील पशुपक्षी यांपैकी मुलांना जे ओढून घेईल त्यापाशी वेळ द्यावा. आणि शेवटी आपल्या गावच्या शिळेची गोष्ट सांगावी. ‘हा दगड नालासोपाऱ्याचा आहे’ हे वाक्य ऐकल्यावर नालासोपाऱ्याच्या मुलाच्या मनात जो फरक पडतो तो कोणत्याही पाठ्यपुस्तकाने पडणार नाही. ज्या गावाचे नाव त्याने वृत्तपत्रांत गर्दी, पाणीटंचाई आणि गुन्हे यांच्याच संदर्भात वाचलेले असते, त्या गावाचे नाव इतिहासाच्या दालनात आहे हे त्याला प्रथमच कळते.

संग्रहालयांनी स्वतः काही पावले टाकली आहेत हे मान्य केले पाहिजे. वास्तुसंग्रहालयाने २०१५ मध्ये बसमधून फिरते संग्रहालय सुरू केले, २०१९ मध्ये आवारात मुलांसाठी स्वतंत्र संग्रहालय उघडले. भायखळ्याच्या राणीबागेतील १८७२ चे जुने संग्रहालय १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाते, आणि तेथे जुन्या मुंबईतील माणसांच्या व व्यवसायांच्या मातीच्या प्रतिकृती मुलांना तासन्‌तास खिळवून ठेवतात. भगवानलाल इंद्रजी हे याच भाऊ दाजींच्या सहवासात संशोधक म्हणून घडले, ही गोष्टही मुलांना सांगण्यासारखी आहे. काळा घोड्याच्या जहांगीर कलादालनात १९५२ पासून चित्रकारांची प्रदर्शने भरत आली आहेत. तेव्हा जागेची वाण नाही. वाण आहे ती मुलांना तेथवर नेण्याची जबाबदारी कोणाची, हे ठरवण्याची.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने या प्रकरणात एक सरळ हिशेब आहे. संग्रहालयाचा खर्च बहुतांशी ठरलेला असतो. इमारत, रक्षक, वीज, जतनाची कामे यांवर तो दालनात दहा माणसे असोत की शंभर, जवळजवळ सारखाच होतो. मंगळवारी सकाळी अर्ध्या रिकाम्या दालनात आणखी चाळीस मुले आली, तर संग्रहालयाचा सीमांत खर्च शून्याच्या जवळ राहतो. ज्या सेवेचा सीमांत खर्च शून्याजवळ आहे ती किमतीच्या अडसराने अडवून ठेवणे हा समाजाचा तोटा आहे. त्या रिकाम्या तासाची राखण करून ठेवता येत नाही. तो गेला की गेला. पॅरिसच्या लूव्ह्र राजवाड्यातील संग्रह ऑगस्ट १७९३ मध्ये लोकांसाठी खुला झाला, तेव्हा क्रांतीने एवढेच मान्य केले होते की राजाने जमवलेले धन हे प्रजेच्या घामाचे असते. ब्रिटनने २००१ च्या डिसेंबरात आपल्या राष्ट्रीय संग्रहालयांचे प्रवेशशुल्क काढून टाकले ते काही क्रांतीच्या जोशात नव्हे, हिशेब करूनच. आपल्या वास्तुसंग्रहालयाची पायाभरणी ११ नोव्हेंबर १९०५ रोजी युवराजाच्या हस्ते झाली आणि नाव त्याचे लागले, तरी पैसा नागरिकांच्या देणग्यांचा, सरकारचा आणि नगरपालिकेचा होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात तेथे लष्करी रुग्णालय होते. १० जानेवारी १९२२ रोजी संग्रहालय म्हणून ते उघडले. नाव १९९८ मध्ये बदलले. नावाबरोबर मालकीची भावनाही बदलायला हवी होती. ते काम अजून बाकी आहे.

यावर आक्षेप येणार. तो हलका नाही, म्हणून त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. आक्षेप असा: ज्या शहरात नळाला दिवसाआड पाणी येते, खड्ड्यांत माणसे पडतात, जेथे ऑगस्ट २०२५ मध्ये विरारला राहती इमारत कोसळून माणसे गाडली गेली, तेथे मुलांना मूर्ती आणि चित्रे दाखवण्याची भाषा करणे ही चैन नव्हे काय? आधी भाकरी, मग फुले.

या युक्तिवादात एक गफलत आहे. भाकरी आणि फुले यांची ही स्पर्धा गरिबांच्याच घरात लावली जाते. श्रीमंताच्या मुलाला कोणी ‘आधी तुझ्या शहराचे रस्ते दुरुस्त होऊ देत, मग संग्रहालय पाहा’ असे सांगत नाही. पाणी आणि संग्रहालय यांच्या खर्चाची तुलनाही बरोबरीची नाही. जलवाहिनीला कोट्यवधी लागतात. एका वर्गाला लोकलने चर्चगेटला नेऊन आणायला जे लागते ते एखाद्या उद्‌घाटनसमारंभाच्या मांडवखर्चाहून कमी भरेल. बारा वर्षांखालील मुलांना उपनगरी गाडीत अर्धे तिकीट आहे, सकाळची गर्दी ओसरल्यावर गाड्यांत जागा असते, आणि डबा घरचाच असतो. तेव्हा अडचण पैशाची कमी आणि अग्रक्रमाची अधिक आहे. शिवाय ज्या पिढीने कधीच काही घडीव, सुंदर आणि टिकाऊ पाहिले नाही, तिला बेकायदा आणि निकृष्ट इमारतींतच आयुष्य काढावे लागते याचा राग तरी कसा येणार? हजार वर्षे टिकलेली दगडी पेटी पाहिलेल्या मुलाला काही वर्षांत कोसळणाऱ्या इमारतीविषयी प्रश्न पडण्याची शक्यता अधिक आहे. सौंदर्याची जाण माणसाला गप्प बसवत नाही. तिच्यामुळे तो अधिक मागू लागतो. बहुधा म्हणूनच ती वाटून देण्याची कोणाला घाई नसते.

दुसरा आक्षेप नव्या काळाचा आहे. आता सगळे मोबाइलवर दिसते. मग तेवढा प्रवास कशाला? मोबाइलवर मूर्तीचे चित्र दिसते, मूर्ती दिसत नाही. हाताएवढ्या काचेत हत्ती आणि उंदीर सारख्याच मापाचे होतात. भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. पोर्तुगीजांनी ज्याच्यावरून त्या बेटाला एलिफंटा हे नाव दिले तोच हा हत्ती. त्याच्या पायाशी उभे राहून मान वर करण्याचा अनुभव काचेतून मिळत नाही. दगडावरची छिन्नीची खूण, रंगाचा थर, चिलखताचे वजन या गोष्टी देहाने देहाला कळतात. शिवाय मोबाइलवर जे दिसते ते कोणीतरी आपल्यापुढे सरकवलेले असते. संग्रहालयात मूल स्वतःच्या पायांनी एका वस्तूकडून दुसरीकडे जाते. निवडीचे स्वातंत्र्य शिकवण्याची ही साधी शाळा आहे.

तिसरा मुद्दा आक्षेप नसून मागणी आहे, आणि ती रास्त आहे. मुलांनीच का मुंबईला जायचे? शिळा सोपाऱ्याला परत का येऊ नये? वस्तू स्थलांतर करतात, आणि त्या स्थलांतरामागे सत्ता असते, हे वसईइतके कोणाला ठाऊक नसेल. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला जिंकल्यावर तेथल्या चर्चच्या घंटा विजयचिन्ह म्हणून देशावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या मंदिरातली घंटा त्यांपैकीच एक आहे. पालघर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांची वारली चित्रे १९८९ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातल्या मोठ्या प्रदर्शनात मांडली गेली. मूळची ही कला लग्नाच्या चौकासाठी वारली स्त्रियांनी झोपडीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढण्याची. ती पॅरिसला पोहोचली, विमानतळांवर आणि हॉटेलांच्या भिंतींवर पोहोचली. आणि वारल्यांची मुले मात्र आश्रमशाळेच्या पोपडे उडालेल्या भिंतीकडे पाहत शिकत राहिली. कला बाहेर जाते, किंमत बाहेर ठरते, आणि कलावंताच्या गावाला उरते ते कुतूहलाने पाहायला आलेल्या पाहुण्यांचे स्वागत. कच्चा माल खेड्याचा आणि नफा शहराचा, हे जुने सूत्र संस्कृतीच्या व्यवहारातही लागू पडते.

तरीही मूळ शिळा उद्याच्या उद्या उचलून आणावी, असे म्हणणे शहाणपणाचे होणार नाही. तिच्या रक्षणाची तज्ज्ञ व्यवस्था जेथे आहे तेथे ती सुरक्षित आहे, आणि ती साऱ्या देशाचीही आहे. परंतु तिची हुबेहूब प्रतिकृती, मराठी भाषांतरासह, सोपाऱ्याच्या प्रत्येक शाळेत असायला काय हरकत आहे? आणि या महानगरात एक चांगले स्थानिक संग्रहालय का असू नये? त्यात सोपाऱ्याचे बंदर असावे, वसईचा किल्ला असावा, कोळ्यांच्या होड्या आणि वाडवळांच्या वाड्या असाव्यात, ख्रिस्ती समाजाचे पोशाख आणि गाणी असावीत, वारली चौक असावा. आणि गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत येथे येऊन घर केलेल्या लाखो लोकांच्या ट्रंका, पास आणि पहिल्या खोलीच्या भाडेपावत्याही असाव्यात. ‘एवढ्याशा ठिकाणी कसले संग्रहालय’ असे म्हणणाऱ्यांनी सातारा जिल्ह्यातल्या औंधला जाऊन यावे. भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये त्या लहानशा संस्थानात संग्रहालय बांधले. तेथे राजा रविवर्म्याची चित्रे आहेत आणि हेन्री मूरचे शिल्पही आहे. पुण्याचे दिनकर केळकर यांनी अडकित्ते, दिवे, पाट, पेट्या अशा घरोघरच्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या, अकाली गेलेल्या आपल्या राजा या मुलाचे नाव संग्रहाला दिले आणि तो सरकारला, म्हणजे लोकांना देऊन टाकला. एका मुलाच्या आठवणीचे संग्रहालय साऱ्या मुलांचे झाले. एका संस्थानिकाला आणि एका संग्राहकाला जे साधले ते लोकांनी निवडून दिलेल्या महानगरपालिकेला साधू नये, ही गोष्ट पटण्यासारखी नाही.

तोवर जे करता येण्याजोगे आहे ते फार अवघड नाही. जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांतल्या प्रत्येक मुलाला सातवी संपण्यापूर्वी एकदा तरी सार्वजनिक खर्चाने वास्तुसंग्रहालयात नेले जावे. ही सहल ऐच्छिक शुल्काची नसावी, अभ्यासक्रमाचा भाग असावी. एका वेळी एकच वर्ग जावा. त्या वर्गाच्या शिक्षकाने आधी एकदा स्वतः जाऊन यावे आणि त्या दिवसाची त्याला कामावरची हजेरी मिळावी. मुले ज्या दिवशी जाणार त्या दिवशी शक्य असेल तर दोन-तीन आयांनाही बरोबर न्यावे. कारण मनातला उंबरठा घरात पहिल्यांदा आईने ओलांडला तर तो पुढे कोणालाच अडवत नाही. राज्यघटनेच्या ५१-अ कलमाने आपल्या संमिश्र संस्कृतीच्या समृद्ध वारशाचे मोल जाणून तो जतन करणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरवले आहे. जो वारसा कधी दाखवलाच नाही त्याचे मोल जाणण्याची सक्ती करणे न्यायाचे नाही. कर्तव्य सांगणाऱ्या राज्याने आधी दार दाखवले पाहिजे.

चाळीस मुलांचा एखादा वर्ग सकाळी अकराच्या सुमारास विरारहून निघेल, दुपारी त्या घुमटाखाली उभा राहील आणि दिवेलागणीपूर्वी घरी परतेल, एवढीच ही मागणी आहे. तिने समाज बदलणार नाही हे खरे. पण त्या चाळिसांपैकी एखादी मुलगी वीस वर्षांनी आपल्या मुलाचे बोट धरून त्याच दारातून आत जाईल, आणि तेव्हा ‘इथे आपल्याला सोडतात का?’ असे तिला कोणालाही विचारावे लागणार नाही.